उडत उडत कानावर आलं: एका सोल गाण्याचे सगळे अवतार ऐकायचे कसे?

सोल हा अमेरिकन गानप्रकार ऐकायला नव्याने सुरुवात केली की पहिल्या आठवड्यातच गोंधळ उडतो. एकच गाणं पाच जण गाताना सापडतं आणि प्रत्येकाचा भक्त 'खरं गाणं हेच, बाकी सगळ्या नकला' म्हणून हटून बसलेला असतो. अशा वेळी शंभर गाण्यांची यादी हाती घेऊ नका. एकच गाणं घ्या आणि त्याच्या मागे लागा. दीड-दोन तासांचं काम आहे, एखाद्या रविवारी दुपारी सहज होतं.

मी सुचवतो ते गाणं 'आय हर्ड इट थ्रू द ग्रेपवाइन'. नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँग या जोडीने १९६६ मध्ये डेट्रॉइटच्या मोटाउन या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत ते रचलं. हेच का? कारण बहुतेक लोक ज्याला मूळ गाणं समजतात ते इथे मूळ नाही आणि ज्याला कव्हर, म्हणजे दुसऱ्याचं गाणं पुन्हा गायलेलं, समजतात ते आधी बाजारात आलेलं आहे. एकदा हा गुंता सोडवला की सोलमधलं पुढचं कुठलंही गाणं तपासायची सवय लागते.

सोल म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगून टाकतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये देवाला घातलेली आर्त साद, १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी, माणसांच्या प्रेमाला आणि भांडणांना घातली जाऊ लागली. साद घालणारा एक आणि प्रतिसाद देणारे बाकीचे, हा चर्चमधला सांगाडा तसाच राहिला.

पायरी १: आधी त्या वेलीचं काय ते समजून घ्या

ग्रेपवाइन म्हणजे द्राक्षाचा वेल. १८४४ मध्ये अमेरिकेत मोर्सची तार सुरू झाली आणि बातम्या तारेवरून धावू लागल्या. ज्या बातम्या तारेवाचून, या तोंडातून त्या कानात पसरायच्या, त्यांना लोक गमतीने 'वेलीवरची तार' म्हणू लागले. आपण 'कर्णोपकर्णी' म्हणतो, किंवा 'उडत उडत कानावर आलं', तेच हे. पण गुलामगिरीतल्या माणसांसाठी ही नुसती चहाडी नव्हती. गुलामीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आपल्या आत्मकथेत लिहून ठेवलंय की यादवी युद्धाच्या काळात मळ्यांवरच्या गुलामांना घडामोडी कळायच्या त्या याच वेलीवरून. बाहेर काय चाललंय हे कळण्यावर सुटकेची आशा टांगलेली होती.

शंभर वर्षांनंतरही हा शब्दप्रयोग लोकांच्या तोंडी होताच. शिकागोच्या मिशिगन अ‍ॅव्हेन्यूवर तो सारखा कानावर पडायचा, तरी त्यावर कोणी गाणं कसं केलं नाही, असं बॅरेट स्ट्राँगला वाटलं. पियानोवर खर्जाची एक ओळ बसवून ती कल्पना घेऊन तो व्हिटफील्डकडे गेला.

गाण्याची गोष्ट एवढीशीच आहे. आपलं माणूस आपल्याला सोडून जुन्या प्रेमाकडे परत निघालंय, आणि हे त्याने स्वतः सांगितलेलं नाही, लोकांकडून कळलंय. गेल्याचं दुःख एक आणि दुसऱ्याच्या तोंडून कळल्याचा अपमान वेगळा. म्हणून प्रत्येक आवृत्ती ऐकताना एकच प्रश्न मनात धरा: ही बातमी या गाणाऱ्याला नेमकी कुठे लागलीय? छातीत, डोक्यात, की लागलीच नाहीय? आवाज कोणाचा चांगला, या वादापेक्षा हा प्रश्न तुम्हाला पुष्कळ पुढे नेईल.

पायरी २: वही, हेडफोन आणि सालांचा घोळ

फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका. मोटाउनच्या वादकांच्या ताफ्याला 'फंक ब्रदर्स' म्हणत. त्यात बास गिटार वाजवणारा जेम्स जेमरसन हा अर्ध्याहून अधिक गाण्यांचा कणा आहे आणि फोनच्या स्पीकरमध्ये नेमका तोच गायब होतो. हेडफोन साधे असले तरी चालतील, पण हवेत.

वहीत चार रकाने आखा: रेकॉर्डिंग कधी झालं, बाजारात कधी आलं, लय आणि पट्टी कशी, आणि मागे प्रतिसाद कोण देतंय. पहिले दोन रकाने वेगळे ठेवायचेच, कारण या गाण्याचं सगळं नाट्य त्या दोन तारखांच्या मधल्या फटीत घडलेलं आहे.

ऐकण्याच्या अ‍ॅपवर दिसणाऱ्या सालावर विसंबू नका. तिथे पुष्कळदा त्या संकलनाचं साल असतं, गाण्याचं नव्हे. १९६८ चं गाणं २००० सालचं म्हणून बिनदिक्कत मिरवतं. साल पक्कं करायचं तर डिस्कॉग्स या तबकड्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर मूळ तबकडीच्या लेबलचा फोटो बघा. कव्हर शोधायची तर सेकंडहँडसाँग्स या कव्हरांची यादी देणाऱ्या वेबसाइटवर गाण्याचं नाव टाका आणि गीतकारांची नावं जुळतात का ते पाहा. 'व्हिटफील्ड' आणि 'स्ट्राँग' ही दोन नावं नसतील तर ते नुसतं एकाच नावाचं दुसरंच गाणं आहे.

आणखी एक सापळा. सोलच्या पुष्कळ गायकांनी उतारवयात, दुसऱ्या कंपन्यांसाठी, आपलीच गाजलेली गाणी पुन्हा रेकॉर्ड केली. कॉलेजात असताना मी पदपथावरून 'ओरिजिनल हिट्स' लिहिलेली एक सीडी घेतली. नाव तेच, फोटो तरुणपणीचा, आणि आत सिंथेसायझरवर वाजवलेला मेलेला ठेका. दोन वर्षं मी तेच खरं समजून मित्रांना ऐकवत होतो. 'री-रेकॉर्डेड' हा शब्द बारीक अक्षरात कुठेतरी असतोच, तो शोधा.

पायरी ३: ग्लॅडिस नाइटपासून सुरुवात करा

बाजारात आधी आलं ते ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांचं, सप्टेंबर १९६७ मध्ये. ग्लॅडिस अटलांटाची. १९५२ मध्ये, सात-आठ वर्षांची असताना, तिने टेड मॅकच्या नवोदितांच्या कार्यक्रमात बाजी मारली होती. पिप्स म्हणजे तिचा सख्खा भाऊ आणि नात्यातले दोन भाऊ. घरचीच मंडळी.

त्याच वर्षीच्या वसंतात अरीथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' तुफान चाललं होतं. मूळ ते ओटिस रेडिंगचं, १९६५ चं, पण अरीथाने असं काही गायलं की लोक त्याला तिचंच समजू लागले. मोटाउनमध्ये हे गाणं रेकॉर्ड करवून घेणाऱ्या व्हिटफील्डला त्याच्या वरताण काहीतरी करायचं होतं. त्यामुळे या आवृत्तीत लय चढी आहे, पियानो सरळ चर्चमधून उठून आल्यासारखा वाजतो आणि ग्लॅडिस रडत बसलेली नाही. ती कमरेवर हात ठेवून समोर उभी आहे. बातमी तिला लागलीय ती संतापाच्या जागी.

पहिल्यांदा ऐकताना फक्त तिच्याकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा फक्त पिप्सकडे. तिचं वाक्य संपायच्या आत ते आत घुसतात, तिला दुजोरा देतात, मध्येच हुंकार भरतात. घरात भांडण लागलं की मागे उभे राहून 'बरोबर आहे तिचं' म्हणणारे भाऊ असतात ना, ते हे. आवाजांची ही गुंफण त्यांनी स्वतः बसून बसवली होती. कंपनीने तबकडीच्या मागे फारसा जोर लावला नाही म्हणून ओळखीच्या रेडिओ निवेदकांना गाठून गाणं वाजवून घेण्याची खटपटही त्यांनीच केली. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या आर अँड बी (रिदम अँड ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या) यादीत ते सहा आठवडे पहिलं राहिलं आणि मुख्य यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. सगळं तीन मिनिटांच्या आत आटोपतं.

पायरी ४: मार्विन गे, आणि इथे घाई नको

यासाठी अर्धा तास बाजूला ठेवा.

मार्विनने हे गाणं ग्लॅडिसच्या आधी, १९६७ च्या वसंतापर्यंतच गाऊन ठेवलं होतं. मोटाउनमध्ये शुक्रवारी बैठक भरायची. त्या आठवड्याची गाणी वाजवली जायची आणि कोणतं बाजारात न्यायचं यावर मतं घेतली जायची. मालक बेरी गॉर्डीचा प्रश्न प्रसिद्ध आहे: खिशात शेवटचा डॉलर उरला असेल तर ही तबकडी घ्याल की सँडविच? मार्विनचं 'ग्रेपवाइन' गॉर्डीने बाजूला सारलं. मार्विन तेव्हा गॉर्डीच्या बहिणीचा, अ‍ॅनाचा, नवरा होता. मालकाचा मेहुणा असूनही सँडविचपुढे हरला.

मग ग्लॅडिसचं आलं, गाजलं आणि विषय संपल्यासारखा झाला. व्हिटफील्डने पिच्छा सोडला नाही. ऑगस्ट १९६८ मध्ये 'इन द ग्रूव्ह' या अल्बमात मार्विनची आवृत्ती भरणा म्हणून आली. शिकागोच्या डब्ल्यूव्हीओएन या रेडिओ केंद्रावर ती वाजू लागली आणि श्रोत्यांचे फोन सुरू झाले. ऑक्टोबरच्या शेवटी नाइलाजाने तिची सुटी तबकडी काढावी लागली. डिसेंबरच्या मध्यापासून सात आठवडे ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती, मार्च १९६९ मध्ये ब्रिटनमध्येही. एका कंपनीचं एकच गाणं, सव्वा वर्षाच्या अंतराने, दोनदा डोक्यावर घेतलं गेलं.

आता ऐका. पहिली वीसेक सेकंदं गायक नाहीच. इलेक्ट्रिक पियानोची एक दबकी ओळ घुमत राहते, खंजिरी सळसळते, मग हळूहळू एकेक वाद्य येऊन बसतं. कोणीतरी अंधाऱ्या जिन्यातून वर येतंय आणि आपण दाराआड श्वास रोखून उभे आहोत, असं काहीसं. व्हायोलिनं डेट्रॉइट सिम्फनीच्या वादकांची आहेत, पॉल रायझरने बसवलेली. ती गोडवा आणायला आलेली नाहीत, गायकाच्या मानेवरून गार हात फिरवायला आली आहेत.

मार्विनचा आवाज इथे ताणलेला का वाटतो? व्हिटफील्डने त्याला मुद्दाम त्याच्या सोयीपेक्षा वरच्या पट्टीत गायला लावलं. दोघांचे त्यावरून खटके उडाले. पण फाटण्याच्या अलीकडे, अगदी काठावर चालणारा तो आवाज व्हिटफील्डला हवाच होता. घरात पेटी असेल तर काळी दोन धरा आणि त्याच्याबरोबर गाऊन पाहा. ध्रुवपदाच्या तोंडाशी पोचेपर्यंत घशातली शीर कशी ताणते ते स्वतःला कळेल. वाचून ते कळणार नाही.

ग्लॅडिसला प्रतिसाद देत होते ते भाऊ. मार्विनच्या मागे आहेत अँडांटीज, मोटाउनच्या बहुतेक गाण्यांत गाणाऱ्या तीन बायका, ज्यांची नावं तबकड्यांवर क्वचितच छापली गेली. त्या त्याची बाजू घेतात असं मला कधीच वाटलं नाही. त्या म्हणजे तो 'वेल'च आहेत, शेजारणींची कुजबुज. शब्द जवळपास तेच, गीतकार तेच, कंपनीही तीच, पण ग्लॅडिसची बाई जाब विचारते आणि मार्विनचा माणूस रात्री छताकडे बघत जागा आहे. लय उतरवली, मागचे लोक बदलले, पट्टी चढवली, एवढ्याने माणूस बदलला.

इथे थांबून दोन्ही पाठोपाठ लावा. आपल्याकडे एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकलेल्याला यात नवल वाटणार नाही. त्या कानाचा इथे आयता उपयोग होतो. उलट भावगीतांवर वाढलेल्याला पहिल्यांदा जड जातं, कारण तिथे गाणं आणि गळा यांचं लग्न लागलेलं असतं. माझा एक मित्र या दुसऱ्या गटातला. मार्विनचंच मूळ, यावर त्याने माझ्याशी मिसळीची पैज लावली होती. मी ग्लॅडिसच्या बाजूने. मिसळ शेवटी ज्याने त्याने आपापल्या पैशांनी खाल्ली. का, ते शेवटच्या पायरीत.

पायरी ५: एवढ्या आवृत्त्या निघतात तरी कशा?

ही पायरी कोरडी आहे, पण टाळू नका. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने असं ठरवलं की एखादं गाणं एकदा तबकडीवर आलं की पुढे कोणीही ते आपल्या आवाजात रेकॉर्ड करू शकतो. परवानगीसाठी दार ठोठवायची गरज नाही, ठरलेला दर भरायचा. हा दर प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट होता आणि १९७८ पर्यंत तेवढाच राहिला. हा पैसा गाण्याचे हक्क असणाऱ्या प्रकाशकाकडे आणि तिथून गीतकारांकडे जातो. आधी गाजवणाऱ्या गायकाला त्यातून काही मिळत नाही.

मोटाउनच्या गाण्यांचे हक्क जोबेट या कंपनीकडे होते आणि ती गॉर्डीचीच होती. नाव त्याच्या तीन मुलांच्या नावांतली अक्षरं जोडून केलेलं. म्हणजे एकच गाणं घरातल्या चार गायकांना दिलं तरी पैसा घरातच. त्यामुळे तिथे 'माझं गाणं, तुझं गाणं' फार नव्हतं. टेम्प्टेशन्सनीही 'ग्रेपवाइन' गायलं, पुढे अनडिस्प्युटेड ट्रुथनेही. 'कव्हर' हा शब्द १९५० च्या दशकात कडवट होता, कृष्णवर्णीय गायकाची तबकडी वर चढू लागली की गोऱ्या गायकाकडून तीच गाऊन घेऊन बाजार मारायचा, असा त्याचा वास होता. मोटाउनमधली देवाणघेवाण वेगळी आहे, दोन्हींना एकाच पोत्यात घालू नका.

पायरी ६: आता डेट्रॉइटबाहेर पडा

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, १९७०, 'कॉस्मोज फॅक्टरी' हा अल्बम. कॅलिफोर्नियाचे चार पोरगे, आणि गाणं अकरा मिनिटांचं. जॉन फोगर्टी शब्द लवकर उरकतो आणि मग गिटार सुटते. बातमी लागलीय का? मला विचाराल तर नाही. याला गाडी चालवायचीय आणि लांबचा रस्ता आहे. पण ठेका ऐका, तो अकरा मिनिटं जराही हलत नाही. नव्याने ऐकणाऱ्याला कंटाळा आला तर चौथ्या मिनिटाला सोडा, पाप लागणार नाही. १९७६ मध्ये कापून काढलेली छोटी आवृत्तीही आहे.

द स्लिट्स, १९७९. लंडनच्या मुली, पंक या बंडखोर रॉकमधून आलेल्या, रेगे या जमैकाच्या संगीताच्या नादी लागलेल्या. गायिका अ‍ॅरी अप तेव्हा सतरा वर्षांची. 'टिपिकल गर्ल्स' या तबकडीच्या मागच्या बाजूला हे गाणं आहे. माझं हे फार लाडकं. अ‍ॅरी मध्येच 'ग्रेपवाइन'च्या जागी 'बेसलाइन' म्हणते, बातमी वेलीवरून नाही तर खर्जातून आली! आणि खरंच, वाद्यांमध्ये मोकळ्या जागा एवढ्या की बासच काय ते बोलतो. या मुलीला धोका दिल्याचं दुःख नाही, ती खिदळतेय. ज्याने धोका दिला त्याची धडगत नाही.

रॉजर ट्राउटमन, १९८१. हा ओहायोचा. त्याचं हत्यार टॉक बॉक्स. सिंथेसायझरचा आवाज प्लॅस्टिकच्या नळीतून तोंडात घ्यायचा आणि ओठ-जीभ हलवून त्याचे शब्द करायचे. म्हणजे गळा मुका आणि वाद्य बोलतं. दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या बातमीचं गाणं दुसऱ्याच कशाच्या तरी आवाजात. हा विचार त्याने केला होता की नाही कोण जाणे, पण आर अँड बी यादीत ही आवृत्तीही पहिली आली.

एमी वाइनहाउस आणि पॉल वेलर या ब्रिटिश गायकांनी २००६ च्या अखेरीस जूल्स हॉलंडच्या नववर्षाच्या बीबीसी कार्यक्रमात केलेलं द्वंद्वगीतही मिळेल. उशिरा रात्रीची मैफल आहे, तशीच ऐका.

पायरी ७: जाहिराती, चटकन

१९८५ च्या शेवटी ब्रिटनमध्ये लिव्हाइसची जाहिरात आली. एक तरुण सार्वजनिक धुलाईकेंद्रात सगळ्यांसमोर जीन्स उतरवून मशीनमध्ये टाकतो. मागे वाजतं ते मार्विनचं रेकॉर्डिंग नाही, हुबेहूब तसं दुसऱ्या गायकाकडून गाऊन घेतलेलं आहे. तरी लोक मार्विनची तबकडी मागायला दुकानात गेले आणि १९८६ मध्ये ती पुन्हा आठव्या क्रमांकावर पोचली. मार्विनला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. १ एप्रिल १९८४ रोजी त्याच्या वडिलांनीच त्याच्यावर गोळी झाडली.

त्याच १९८६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मनुका उत्पादकांनी मातीच्या नाचणाऱ्या मनुका पडद्यावर आणल्या. द्राक्षाचा वेल म्हटल्यावर मनुका येणारच. गायला होता बडी माइल्स, गिटारवादक जिमी हेंड्रिक्सबरोबर ड्रम वाजवलेला. गुलामांच्या बातम्या वाहणाऱ्या शब्दाचा प्रवास मनुकांपर्यंत. एकदा बघा, हसू येतंच.

पायरी ८: मिरॅकल्स, सगळ्यांत शेवटी

रेकॉर्डिंगच्या रकान्यात सर्वांत वरचं नाव यांचं. मोटाउनच्याच स्मोकी रॉबिन्सन आणि मिरॅकल्स यांनी हे गाणं ऑगस्ट १९६६ मध्येच गायलं, मार्विनच्या आणि ग्लॅडिसच्याही आधी. गॉर्डीने तेही अडवलं. लोकांच्या कानावर ते पडलं १९६८ मध्ये, 'स्पेशल ऑकेजन' या अल्बमात, म्हणजे ग्लॅडिसचं गाजून गेल्यावर. पैजेत आम्ही दोघंही हरलो ते असे.

मग हे आधी का ऐकायचं नाही? स्मोकीचा गळा रेशमासारखा. कुणी त्याला धोका दिला तरी तो आधी तिची विचारपूस करील. बातमी त्याच्यापर्यंत येते आणि अंगावरून हलकेच सरकून जाते, चरा उठत नाही. हे ऐका आणि मग डोळे मिटून त्या शुक्रवारच्या बैठकीत जाऊन बसा. ग्लॅडिस अजून गायलेली नाही, मार्विन गायलेला नाही, खंजिरीची ती सळसळ कोणी ऐकलेली नाही, तुमच्यापुढे एवढंच एक गाणं आहे. खिशात शेवटचा डॉलर आहे. मी बसून पाहिलंय. मी सँडविच घेतलं असतं.